चर्चगेटचं गेट आणि माडगावकर मास्तर

चर्चगेटला गेट कुठे आहे? आणि चर्च?

वेस्टर्न लाईनच्या शेवटच्या स्टेशनवर रोज लाखो लोक उतरतात. त्यांतल्या कितींना हा प्रश्न पडतो कुणास ठाऊक! पडला तरी ९:१४ ची फास्ट धरणाऱ्या माणसाला तो विचारायला वेळ कुठे असतो म्हणा. पण मंडळी, उत्तर मजेशीर आहे. स्टेशनातून बाहेर पडून वीर नरिमन रोडने सरळ पूर्वेला चालत सुटायचं. दहाएक मिनिटांत फ्लोरा फाउंटन म्हणजे आपला हुतात्मा चौक येतो. ते गेट साधारण इथे होतं. तसंच पुढे गेलं की सेंट थॉमस कॅथीड्रल. १७१८ सालचं. हे ते चर्च. मुंबईच्या किल्ल्याला जमिनीच्या बाजूने तीन दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. चर्चच्या रस्त्यावर उघडणारं म्हणून चर्च गेट. (अपोलोचा त्या ग्रीक देवाशी काही संबंध नाही बरं का. ते आपल्या 'पालव' बंदराचं साहेबी रूप आहे असं बहुतेक जण मानतात.)

पण खरी गंमत पुढेच आहे. १८६० च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, किल्ल्याचा तट पाडला. दरवाजे गेले. कारंजं १८६४ मध्ये उभं राहिलं. आणि चर्चगेट स्टेशन कधी झालं? १८७० मध्ये! म्हणजे स्टेशनाचं बारसं झालं तेव्हा ज्याचं नाव ठेवलं ते गेट जागेवर नव्हतंच. नसलेल्या गोष्टीचं नाव दीडशे वर्षं इंडिकेटरवर झळकतंय.

आमच्या धंद्यात हा प्रकार रोज दिसतो. दहा वर्षांपूर्वीचा कोड उघडावा तर त्यात एखादं व्हेरिएबल असतं, त्याचं नाव 'फॅक्सस्टेटस' वगैरे. कंपनीत फॅक्स मशीन उरलेलं नाही, ते फीचर कुणी कधी काढलं ते माहीत नाही, पण व्हेरिएबल अजून चालू आहे आणि त्यात भलतंच काहीतरी साठवलं जातंय. नाव बदलायची कुणाची हिंमत नाही, कारण कुठे काय मोडेल सांगता येत नाही. मुंबई हा असा एक भलामोठा लेगसी कोड आहे. धोबी तलावात तलाव नाही, उमरखाडीत खाडी नाही, पायधुणीला पाय धुवायला पाणी नाही, गवालिया टँकला टँक नाही. आणि या कोडला कॉमेंट्स लिहिणारी माणसं फार थोडी.

त्या थोड्यांपैकी एकाबद्दल आज लिहायचंय. गोविंद नारायण माडगावकर. जन्म १८१५, गोव्यातल्या मडगावचा. लहानपणीच मुंबईत आले, इथेच शिकले आणि जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत मास्तर झाले. घरची भाषा कोंकणी, लिहायची मराठी, शाळेत इंग्रजी. मास्तरकी सांभाळून छोटी छोटी पुस्तकं लिहायचे. स्वच्छतेवर, दारूच्या दुष्परिणामांवर, अशा त्या काळच्या 'लोकांना शहाणं करू' छापाच्या विषयांवर. ती आज कुणी वाचत नाही. पण १८६३ मध्ये त्यांनी 'मुंबईचे वर्णन' नावाचं एक जाडजूड पुस्तक काढलं, आणि तिथे मात्र मास्तरांनी कमाल केली आहे.

मुंबई शहरावरचं, कुठल्याही भाषेतलं, हे पहिलं सविस्तर पुस्तक मानलं जातं. लक्षात घ्या, पहिलं मराठीतलं नव्हे, पहिलंच. गोऱ्या साहेबांनी तोवर मुंबईबद्दल प्रवासवर्णनांत, पत्रांत, रिपोर्टांत पुष्कळ लिहिलं होतं. पण सगळं शहर एका माणसाने हातात घेऊन, जुन्या दंतकथांपासून कालपरवाच्या आगगाडीपर्यंत, देवळापासून टांकसाळीपर्यंत, सोनारापासून गोदीतल्या कामगारापर्यंत नीट मांडायचं, हे आधी एका मराठी शाळामास्तराने केलं. पुढे १८८९ मध्ये बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' आला. ज्यांच्या नावांचा दबदबा आहे ती इंग्रजी पुस्तकं बहुतेक त्याच्याही नंतरची.

आणि तरी आपल्या पिढीतल्या कित्येकांना माडगावकर भेटले ते इंग्रजीतून. मुरली रंगनाथन यांनी केलेला अनुवाद २००८ मध्ये आला, तेव्हा पेपरांत थोडंफार छापून आलं आणि मग मराठी मंडळींना आठवण झाली की अरे, हे तर आपल्याकडे होतंच! मूळ मराठी वाचायला थोडं जड जातं हे खरं आहे. अनुस्वारांची अक्षरशः पेरणी असते, वाक्यं रेल्वेच्या मालगाडीसारखी लांब. पण पाचदहा पानांत कान सरावतो. मग लक्षात येतं की हा माणूस शिकवत नाहीये, हा हात धरून फिरवतोय. हे बघ, हा बाजार. हे इथे विकतात. हे लोक कुठून आले, काय नेसतात, पोटापाण्याला काय करतात, त्यांचे सण कुठले. त्यांच्यातला मास्तर मधूनमधून जागा होतो आणि दोन उपदेशाचे शब्द सुनावतो, नाही असं नाही. इंग्रज सरकारचं कौतुकही आजच्या वाचकाला जरा जास्तच वाटेल. पण तो काळ बघा. १८५७ ला जेमतेम सहा वर्षं झालेली, मिशनच्या शाळेत नोकरी. यापेक्षा वेगळा सूर लागला असता तरच नवल.

मला सर्वांत आवडतो तो छापखान्याचा भाग. गणपत कृष्णाजी नावाचा एक भंडारी समाजातला तरुण. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात छपाई चाललेली बघितली आणि डोक्यात घेतलं की हे आपल्याला जमलं पाहिजे. शिकवायला कुणी नाही, यंत्रं विकत घ्यायला पैसा नाही. पठ्ठ्याने लाकडाचं यंत्र स्वतः बनवलं, शाई स्वतः करून बघितली, पुढे स्वतःचे खिळेसुद्धा पाडले आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापून काढलं. छापलेल्या कागदाला शिवायचं की नाही अशी सोवळ्या मंडळींना शंका, कारण शाईत चरबी असते. तर म्हणतात की याने शाईत चरबीऐवजी तूप घातलं! मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्या अ. का. प्रियोळकरांपासून सगळ्यांना गणपत कृष्णाजींबद्दल सांगायचं तर माडगावकरांकडे यावं लागतं. एक शाळामास्तर वाट वाकडी करून गेला, विचारलं, लिहून ठेवलं, म्हणून ते आहे. सरकारी दप्तरात हे मिळत नाही. तिथे छापखान्याच्या मालकाची नोंद असेल, शाई कशी शिजवली याची नसते.

हौशी लोकांचं हे असंच असतं. मुंबईच्या इतिहासात तर धंदेवाईक इतिहासकार फार उशिरा आले, पहिली शंभर वर्षं कारभार हौशी मंडळींनीच चालवला. 'ओरिजिन ऑफ बॉम्बे' लिहिणारे गर्सन दा कुन्हा हे पेशाने डॉक्टर. हेही गोव्याचेच, आणि नाण्यांचे जबरदस्त संग्राहक. त्यांचं पुस्तक १९०० साली आलं आणि त्याच साली ते गेले. मुंबईच्या रस्त्यांच्या नावांवर १९१७ मध्ये पुस्तक लिहिणारे सॅम्युअल शेपर्ड हे वर्तमानपत्रवाले, पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक झाले. दिवसा पोटाचा उद्योग आणि उरलेल्या वेळात हा. आमच्यासारख्या शनिवार-रविवारवाल्यांना हे वाचून फार बरं वाटतं, काय सांगू :-)

पण हौशी माणसाचा एक धोकाही असतो. त्याला गोष्ट आवडते. आणि आवडलेली गोष्ट खरीच असावी असं त्याला मनापासून वाटत असतं.

चर्नी रोड घ्या. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट अशी: सरकारने गुरं चारण्यावर कर बसवला, गरिबांची पंचाईत झाली, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंनी पदरचे पैसे घालून कुरण घेतलं आणि तिथे फुकट चराई सुरू केली. म्हणून 'चरणी'. गोष्ट छान आहे, दात्याचं नाव आहे, गाई आहेत. आता शेपर्डसाहेब दुसरं सांगतात. ठाण्याजवळच्या चेंदणीहून आलेली माणसं इथे वसली, त्यावरून हे नाव. यात गाई नाहीत, दाता नाही, म्हणून ही गोष्ट कुणी सांगत नाही. भेंडीबाजाराचंही तेच. 'बिहाइंड द बाजार' म्हणणाऱ्या साहेबावरून भेंडीबाजार झाला हे चहाच्या टपरीवर ऐकायला मजा येते. पण चिंचपोकळी, चिंचबंदर, फणसवाडी, ताडदेव, वडाळा असा सगळा झाडांचा गाव असताना एकट्या भेंडीनेच साहेबाच्या तोंडून का यावं? भेंडीची झाडं असतील की. समुद्रकिनारी ती चिक्कार होतात.

आणि आता सगळ्यांत मोठं प्रकरण. सात बेटं.

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. शाळेच्या पुस्तकातला तो नकाशा तुम्हीही बघितला असेल. निळ्या पाण्यात सात ठिपके, सुटे सुटे. मग इंग्रज आले, भराव घातले आणि सातांचं एक झालं. किती सुटसुटीत! माझ्याही डोक्यात हाच नकाशा होता.

तर मुद्दा असा की ती सात सुटी बेटं समोर बघून कुणी तो नकाशा काढलेला नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, रॉबर्ट मर्फी नावाच्या माणसाचा अंदाज आहे. मर्फीही हौशीच. वर्तमानपत्राचा संपादक आणि कोर्टातला दुभाषा. इथल्या भाषा त्याला चांगल्या येत होत्या. त्याने केलं काय, तर इथली जुनी नावं आणि इथल्या लोकांच्या जुन्या कहाण्या गोळा केल्या. उमरखाडी, म्हणजे इथे खाडी असणार. पायधुणी, म्हणजे पाणी ओलांडून आल्यावर पाय धुवायची जागा असणार. असं करत करत त्याने समुद्र मागे हटण्याआधीची मुंबई कागदावर उभी केली. दुसऱ्या शतकातला ग्रीक भूगोलकार टॉलेमी 'हेप्टानेशिया' म्हणजे सात बेटांचा समूह असं काहीतरी लिहून गेला होताच. आकडा जुळला. पुढच्या प्रत्येकाने, सरकारी गॅझेटियरसकट, तोच धागा पकडला. २०१८ मध्ये टिम रायडिंग या संशोधकाने सतराव्या-अठराव्या शतकातली कागदपत्रं तपासून सांगितलं की त्या काळातले लोक सात बेटांची भाषा बोलतच नव्हते. ते 'मुंबई बेट' असं एकच म्हणत होते. मध्ये भरतीला पाण्याखाली जाणारी, ओहोटीला उघडी पडणारी मोठी जमीन असलेलं एक बेट.

'एक की सात' हा काही नुसता पंडिती वाद नाही. १६६० च्या दशकात यावरून खरोखर भांडण झालं होतं. १६६१ च्या विवाह-कराराने पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गोव्यातल्या पोर्तुगीज व्हॉइसरॉयला ती द्यायची बिलकुल इच्छा नव्हती. शेवटी फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुक याने ताबा घेतला. मग प्रश्न आला की 'मुंबई' म्हणजे नेमकं किती? पोर्तुगीज म्हणाले, माहीम वेगळं. कुक म्हणाला, वेगळं कसलं, ओहोटीला तर चालत जाता येतं! आणि त्याने माहीम घेतलं. म्हणजे बेटं किती हे समुद्राने नाही, दिवसातल्या वेळेने आणि बंदुका कुणाकडे आहेत याने ठरलं. तीन वर्षांनी राजाने हे सगळं ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. आजच्या मुंबईत दहा पौंडांत एका रात्रीचं पार्किंग मिळालं तरी नशीब समजायचं.

जाता जाता आणखी एक. १६७० च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर मुंबईत होता. त्याने लिहिलंय की इथे चाळीस हजार एकर चांगली जमीन समुद्राने बुडवली आहे. आता आजचा मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत सगळे भराव धरून, साधारण ६८ चौरस किलोमीटर. गुणाकार करा. सतरा हजार एकरांच्या आसपास येतो! ज्या बेटाचं एकूण क्षेत्रफळ सतरा हजार, तिथे बुडलेली जमीन चाळीस हजार. म्हणजे छापील आकडा बघितला की आधी कॅल्क्युलेटर काढावा हे उत्तम.

असो. पाण्याचा विषय निघालाच आहे तर तलावांबद्दल सांगतो, कारण या सगळ्या नामशेष गोष्टींमध्ये मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट तीच आहे.

माडगावकरांच्या मुंबईचं जगणं विहिरी आणि तलावांवर होतं. चारी बाजूंनी समुद्र आणि प्यायला गोडं पाणी नाही, अशी अवस्था. श्रीमंत माणसाने दानधर्म करायचा म्हणजे तलाव खोदायचा किंवा दुरुस्त करायचा. कावसजी पटेल तलाव, म्हणजे आजचा सी. पी. टँक. फ्रामजी कावसजी तलाव, म्हणजे धोबी तलाव. मुंबादेवीचा तलाव, बाबुला टँक, नाखुदा तलाव, खारा तलाव. १८५० च्या दशकात पाऊस दगा देऊन गेला तेव्हा बाहेरून पाणी आणून शहरातल्या विहिरींत ओतायची पाळी आली. त्यानंतर हेन्री कॉनिबेअरच्या योजनेप्रमाणे विहारचं धरण झालं आणि १८६० मध्ये नळाने पाणी आलं. मास्तर पुस्तक लिहीत होते तेव्हा नळ ही जेमतेम दोनतीन वर्षांची नवलाई होती. आपल्याकडे ब्रॉडबँड आलं तेव्हा जसं झालं होतं तसंच काहीसं वातावरण असणार. मग १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा. नळ घरात आला आणि तलाव नकोसे झाले. त्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाने कहर केला. १९११ मध्ये बेंटली नावाच्या डॉक्टरने अहवाल दिला की मलेरियाचा डास शहरातल्या विहिरींत आणि हौदांत वाढतोय. बुजवा. लोकांनी विरोध केला, काहींनी धर्माचा मुद्दा काढला, काही विहिरी नुसत्या झाकून वाचल्या, पण पुष्कळ बुजल्या. बेंटलीचं डासांचं गणित बरोबर होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की तलाव बुजवला तरी पावसाला कुणी ते कळवलं नव्हतं. भराव घातला तरी सखल भाग सखलच राहतो आणि जुलैत पाणी आपली जुनी वाट शोधत येतं. पेपरात दरवर्षी 'अमुक ठिकाणी पाणी साचले'ची यादी येते ना, ती एकदा जुना नकाशा शेजारी ठेवून वाचा. हिंदमाताला तर जमीन बशीसारखीच आहे. तिथलं पाणी साठवायला महापालिकेने आता जमिनीखाली मोठमोठ्या टाक्या बांधल्या आहेत. म्हणजे शेवटी पुन्हा तलावच!

या सगळ्या गर्दीत एक विहीर अजून आहे. चर्चगेट स्टेशनपासून पाच मिनिटांवर भिखा बेहराम या पारशी गृहस्थाची, १७२५ सालची. किल्ल्याचा तट गेला, मैदान आलं, रेल्वे आली, ती आहे तिथेच आहे. आत फक्त पारशांना जाता येतं, पण रस्त्यावरून छत्री दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १८६३ च का? मास्तरांना पुस्तक तेव्हाच का लिहावंसं वाटलं असेल?

त्यांच्या मनात काय होतं हे सांगायला मी कोण! पण भोवती काय चाललं होतं ते बघा. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झालेली. १८५६ मध्ये ताडदेवला कापडाच्या पहिल्या गिरणीचं चाक फिरलेलं. १८५७ मध्ये विद्यापीठ. १८६० मध्ये नळ. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि मुंबईत अक्षरशः सोन्याचा पाऊस सुरू झाला. जो तो कंपन्या काढतोय, शेअर्स घेतोय, समुद्रात भराव घालायच्या योजनांवर पैसे लावतोय. आणि किल्ल्याचा तट, जो मास्तरांनी लहानपणापासून रोज बघितला होता, तो डोळ्यांसमोर पाडला जातोय. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला आपलं गाव दर सहा महिन्यांनी वेगळं दिसायला लागलं तर तो काय करेल? कुणी शिव्या घालतो, कुणी शेअर्स घेतो. यांनी वही घेतली.

१८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या भरली ८,१६,५६२. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलैला, शेअरच्या सौद्यांचे हिशेब चुकते करायच्या दिवशी, सगळा डोलारा खाली आला. १८७२ च्या शिरगणतीत लोकसंख्या ६,४४,४०५. पावणेदोन लाख माणसं कमी! माडगावकर १८६५ मध्येच वारले. म्हणजे त्यांनी टिपलेली मुंबई ही फुगा फुटायच्या आधी दोन वर्षांची. जुनी जात असलेली, नवी अजून ठरलेली नसलेली. दोन वर्षं आळस केला असता तर पुस्तक झालंच नसतं.

हे सगळं वाचायला लागल्यापासून मला परळला गेलं की जरा कसंतरी होतं. लोअर परळच्या काचेच्या टॉवर्समध्ये आपल्यापैकी निम्मे लोक कामाला असतील. कंपाउंडच्या नावात 'मिल' असते, बाहेर एखादी धुराची चिमणी शोभेला ठेवलेली असते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि तो संप संपल्याचं कुणी जाहीर केलं नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून तो इतिहास गोळा केला, २००४ मध्ये पुस्तक आलं. त्या दोघी गेल्या नसत्या तर भोंग्याच्या वेळा, खाणावळीतली भाकरी, खातं म्हणजे काय, बदली कामगार म्हणजे काय, यातलं बरंच काही गेलंच होतं.

आणि आता बीडीडी चाळी. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या २०७ इमारती. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी. तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फूट, संडास सामाईक. वरळीत पुनर्विकासाच्या पहिल्या टप्प्यात ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगलंच झालं. सामाईक संडासाच्या रांगेत आयुष्य काढलेल्या माणसाला 'वारसा जपा' म्हणून सांगायचा अधिकार आपल्याला नाही, निदान अटॅच्ड बाथरूममधून उठून तर नाहीच. चाळ पाडू नका असं मी म्हणत नाहीये. माडगावकरांनीही तट पाडू नका म्हणून मोर्चा काढला नव्हता.

माझे मामा नायगावच्या चाळीत जन्मले, तिथेच राहिले. गेले काही रविवार मी त्यांच्याकडे वही घेऊन जातो. आधी त्यांना वाटलं की मला कागदपत्रं हवी आहेत, खोलीत हिस्सा मागायला आलोय की काय! मग मामीने चहा टाकला आणि वातावरण निवळलं.

"मामा, पाणी किती वाजता यायचं?"

"पहाटे. पण तुला कशाला रे ते?"

"लिहून ठेवतोय."

"पाण्याची वेळ? त्यात काय लिहायचंय?"

मग आतून मामी म्हणाली की पहाटे नाही, मामांना काय माहीत, पाणी भरायला ते कधी उठले होते? पाणी यायचं त्याच्या आधी अर्धा तास नळात हवा बोलायची, त्या आवाजाने अख्खा मजला जागा व्हायचा. कोणाचा हंडा पहिला, कोणाचा दुसरा हे ठरलेलं असायचं, आणि तो क्रम कसा ठरला होता ते सांगायला ती हात पुसत बाहेर आली. दीड तास बोलली. पाच पानं भरली. मामा मधूनमधून "असं नव्हतं गं" म्हणत होते आणि दर वेळी गप्प केले जात होते.

पुढच्या रविवारी तिने शेजारच्या काकूंनाही बोलवून ठेवलंय. काकूंचं म्हणणं आहे की हंड्यांचा क्रम मामी सांगते तसा नव्हताच.